शस्त्रक्रियेनंतरचे दोन न्याय

‘उद्या घरी सोडू’ असे डॉक्टरांनी सांगितले की नातेवाइकांचे चेहरे खुलतात. बिल भरले जाते, रिक्षा बोलावली जाते, दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला जातो आणि आजार संपला असे सगळे धरून चालतात. खरे तर निम्मा उपचार त्या दिवसापासून घरी सुरू होतो. दुर्बिणीच्या बऱ्याच शस्त्रक्रियांनंतर हल्ली एक-दोन दिवसांतच घरी पाठवतात. पूर्वी वॉर्डातील सिस्टर जे पाहत, ते आता घरच्यांनाच पाहावे लागते.

तालुक्याच्या गावी पंचवीसेक वर्षे दवाखाना चालवताना मला एक गोष्ट वारंवार दिसली आहे. आपल्या घरांत शस्त्रक्रियेनंतर दोन न्याय चालतात. पुरुषाला कोणी उठू देत नाही आणि बाईला कोणी झोपू देत नाही.

घरातील अण्णांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले की पाणी हातात, जेवण पलंगावर. ‘अण्णा, तुम्ही हलू नका, टाके तुटतील.’ अण्णाही मग महिनाभर हलत नाहीत. पडून राहिल्याने पायांतील रक्ताचा प्रवाह मंदावतो आणि पोटरीच्या खोल शिरेत गुठळी धरू शकते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर माणूस दगावूही शकतो. हा धोका घरी आल्यावरही काही आठवडे असतो. शिवाय छातीत कफ साठतो, शौचास खडा होतो आणि कुंथताना टाक्यांवर ताण येतो तो वेगळाच. पायातील गुठळी फुप्फुसात जाते हे जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले होते. तरीही पुढे कित्येक वर्षे रुग्णांना दोन-दोन आठवडे निजवून ठेवीत. १९४० च्या दशकात शल्यचिकित्सकांनी त्यांना लवकर चालवण्यास सुरुवात केली आणि चालणारा रुग्ण लवकर सुधारतो हे दिसून आले. आज बहुतेक शस्त्रक्रियांनंतर डॉक्टरच दुसऱ्या दिवशी, कधी त्याच दिवशी, रुग्णाला उभे करतात. मग घरी आणून पुन्हा निजवायचे कशाला? डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दिवसातून चार-पाच वेळा घरातल्या घरात चालावे आणि रोज थोडे वाढवावे.

आता त्याच घरातील सूनबाईंकडे पाहू. पोट उघडून गर्भपिशवीचे ऑपरेशन झाले. आठ-दहा दिवसांनी टाके निघाले. ‘आता काय, टाके निघाले, हिंडतीफिरती झाली की!’ असे सासूबाई म्हणतात. पंधराव्या दिवशी ती नळावर घागर घेऊन उभी असते. ती स्वतःही तक्रार करत नाही, कारण बसून खाण्याची तिलाच लाज वाटते.

टाके निघाले म्हणजे वरची कातडी जुळली, एवढाच त्याचा अर्थ. तीन आठवड्यांनी जखमेला मूळच्या सुमारे २० टक्केच बळकटी आलेली असते. सुमारे ८० टक्के यायला तीन महिने लागतात. भरलेली घागर दहा-पंधरा किलोंची असते. घरगुती सिलिंडरमध्ये गॅसच १४.२ किलो असतो. टाकीसह वजन तीस किलोंच्या आसपास जाते. पोटाच्या अशा शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे जड उचलू नये असे आम्ही सांगतो ते यासाठी. आतले टाके सैलावले तर त्याच जागी हर्निया होऊ शकतो, म्हणजे पुन्हा ऑपरेशन आणि पुन्हा खर्च. तिनेही चालावे, हलके काम करावे. पण घागर, सिलिंडर, पिळायचे कपडे आणि कडेवरचे पोर यांपासून तिला सुटी हवी.

हातावर पोट असलेल्या मजूर पुरुषालाही बाईचाच न्याय लागू होतो, हे मान्य. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांवरून राज्यभर गदारोळ झाला, शासनाने समिती नेमली. शस्त्रक्रिया गरजेची होती का, हा प्रश्न रास्तच होता. पण उसाची मोळी डोक्यावर घेणाऱ्या बाईला त्यानंतर सहा आठवडे बसणे परवडते का, हाही प्रश्न तितकाच मोठा आहे.

एका बाबतीत मात्र अण्णा आणि सूनबाई दोघांनाही सारखाच त्रास होतो, तो म्हणजे पथ्य. डाळीने पू होतो, भाताने टाके पिकतात, लिंबू बाधते, असे सांगून रुग्णाला पेजेवर ठेवतात. जखम भरायला प्रथिने लागतात आणि ती डाळ, उसळ, दूध, अंडी, शेंगदाणे यांतून मिळतात. लिंबू, पेरू, आवळा यांतील क जीवनसत्त्वही जखमेला हवेच असते. पू जंतूंमुळे होतो, वरणाने नव्हे. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा आतड्याची शस्त्रक्रिया असेल तर आहार डॉक्टरांना विचारून ठरवावा. जखमेवर हळद, तेल, राख काहीही लावू नये.

घरी निघण्यापूर्वी डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन चार प्रश्न विचारावेत. कोणती गोळी किती दिवस? आधीपासूनच्या रक्तदाबाच्या व साखरेच्या गोळ्या चालू ठेवायच्या का? अंघोळ कधी? फेरतपासणी कधी? उत्तरे मराठीत लिहून मागावीत. तो तुमचा हक्क आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया झाली असेल, तर घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची औषधे व तपासणी त्यात धरलेली असते. तीही विचारून घ्यावी.

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा अधिक, जखमेतून पू किंवा दुर्गंधी, वाढती लाली, एकाच पोटरीला सूज व दुखणे, सतत उलट्या, लघवी न होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एकाएकी धाप लागली, छातीत दुखले किंवा रक्तस्राव थांबेना, तर १०८ ला फोन करावा. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये.

माझे म्हणणे एवढेच आहे. शस्त्रक्रियेची तारीख ठरवताना आपण पैशांची आणि रक्ताच्या बाटलीची सोय पाहतो. त्याच बैठकीत पुढचे सहा आठवडे पाणी कोण भरणार आणि भाकरी कोण थापणार, हेही ठरवावे. तातडीची शस्त्रक्रिया थांबत नाही. पण थांबणारी असेल तर सुगी उरकून करता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. आणि अण्णांच्या ऑपरेशनला तीन महिने होऊन गेले असतील, डॉक्टरांची हरकत नसेल, तर सूनबाईंची घागर त्यांनीच भरावी. तेवढेच त्यांचे चालणेही होईल.