‘ही पण आयटीतच आहे!’

हर्नडनमधल्या कुठल्याही मराठी पॉटलकला जा. दिवाणखान्यात पुरुषमंडळी हातात प्लेट घेऊन क्लाउड, फंडिंग आणि कुणाच्या तरी नव्या स्टार्टअपवर बोलत असतात. स्वयंपाकघरात बायका पुऱ्या तळत असतात, मुलांना वाढत असतात. एखादा नवा पाहुणा विचारतो, "वहिनी काय करतात?" वहिनींनी तोंड उघडायच्या आत उत्तर येते, "ही पण आयटीतच आहे." त्या एका ‘पण’मध्ये पंधरा वर्षांचे काम, दोन प्रमोशन्स आणि रात्री दोनला उठून चालू केलेला सर्व्हर, सगळे गडप होते!

मला या ‘पण’शीच भांडायचे आहे.

डलेस विमानतळालगतच्या या पट्ट्यात आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल सॉफ्टवेअरवर पेटते. इथल्याच एका छोट्या स्टार्टअपमध्ये मी काम करत होते. प्रॉडक्टचा डेमो मी बनवला, स्लाइड्स मी केल्या. गुंतवणूकदारांपुढे मात्र माझा सहकारी उभा राहिला. कारण काय, तर "तुझा आवाज जरा मऊ आहे." मी गप्प बसले. लहानपणापासून ऐकलेले होते ना, आपली पाठ आपण थोपटू नये, आपले काम बोलते!

मंडळी, काम बोलत नाही. कामाच्या वतीने कुणीतरी बोलतो आणि श्रेय बहुधा त्याच्याच पदरात पडते. बोलणाऱ्याची बोरे खपतात आणि न बोलणाऱ्याचे आंबे पडून राहतात, हे आपण जाणतोच. स्टार्टअपचे मार्केटिंग तरी दुसरे काय असते? अजून पुरती तयार नसलेल्या वस्तूची गोष्ट अजून न आलेल्या गिऱ्हाइकाला विश्वासाने सांगायची. ती सांगायची संधी ज्याला मिळते, त्याच्याच चेहऱ्याने कंपनी ओळखली जाते.

पुण्यात वाढलेल्या, पीआयसीटीत शिकलेल्या नेहा नारखेडे यांचे उदाहरण घ्या. लिंक्डइनमध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ‘काफ्का’ घडवले, २०१४ मध्ये त्याच सहकाऱ्यांबरोबर कॉन्फ्लुएंट ही कंपनी काढली आणि २०२१ मध्ये ती शेअर बाजारात आली. पण नुसता कोड लिहून त्या थांबल्या नाहीत. परिषदांमध्ये उभे राहून काफ्का काय आहे ते त्यांनी समजावून सांगितले, त्यावरच्या पुस्तकाच्या लेखकांतही त्यांचे नाव आहे.

"मग बायकांनी बोलावे की, कोण अडवतो?" असे काही जण म्हणतील. इतके सोपे असते तर हा लेख लिहावाच लागला नसता. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. धंद्याचा प्रस्ताव तोच, शब्द तेच, फक्त आवाज एकदा पुरुषाचा आणि एकदा बाईचा. सुमारे ६८ टक्के लोकांनी पुरुषाच्या आवाजातल्या प्रस्तावाला पसंती दिली! टेकक्रंचच्या स्पर्धेतली प्रश्नोत्तरे तपासणाऱ्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसले की पुरुषांना बहुधा "किती वाढाल?" असे विचारले जाते आणि बायकांना "बुडणार नाही कशावरून?" असे. म्हणजे दोष फक्त आमच्या घशात नाही, ऐकणाऱ्यांच्या कानातही आहे. त्याच अभ्यासातला एक धडा मात्र आपल्या मुलींना जरूर द्यावा. बुडण्याच्या प्रश्नाला वाढीचे उत्तर देणाऱ्यांना अधिक पैसा मिळाला.

उपाय फार लांब शोधायला नको. इथून तासाभराच्या अंतरावर व्हाइट हाउस आहे. ओबामांच्या कारकिर्दीत तिथल्या महिला अधिकाऱ्यांनी आपसात एक युक्ती ठरवली होती. बैठकीत एकीने मुद्दा मांडला की दुसरीने तो तिचे नाव घेऊन पुन्हा मांडायचा. मग तो मुद्दा कुणाला स्वतःच्या नावावर खपवता येत नसे. यासाठी ना बजेट लागते, ना सल्लागार. आणि हे पुरुषांनाही सहज जमण्यासारखे आहे. महिला दिनाला वेबसाइटवर आमचे फोटो लावण्यापेक्षा दर सोमवारच्या मीटिंगमध्ये "हे हिने सुचवले होते" एवढे म्हणा, पुष्कळ झाले.

सुरुवात आपल्या मंडळातच करू या. गणेशोत्सवात मुलांसाठी करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम असेल, तर व्यासपीठावर इंजिनियर काकांबरोबर इंजिनियर मावशीही बसू दे. त्या वेळी मोदकांकडे काका बघतील. आणि पुढच्या पॉटलकला कुणी "वहिनी काय करतात?" असे विचारले, तर यजमानांनी कृपया एक घास तोंडात घालावा. उत्तर वहिनीच देतील.