खोटी हाक

गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी येथील सेक्टर ६ मध्ये एका वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या घरी आम्ही पाचसात मराठी मंडळी चहाला जमलो होतो. त्यांच्या बैठकीच्या खोलीत लाकडी फळीवर बसविलेली चितळाची शिंगे आहेत. यजमानांचे आजोबा जुन्या मध्यप्रांतात नोकरीस असताना ती घरात आली आणि तीन पिढ्यांच्या बदल्यांबरोबर गावोगाव हिंडली. त्या शिंगांवरून बोलणे शिकारीकडे वळले, आणि यजमानांच्या चिरंजीवांनी अमेरिकेतील एक चित्रफीत पडद्यावर लावली. झुडपाआड बसलेला एक शिकारी हातातील दोन शिंगे एकमेकांवर आपटतो, घासतो, पायाने पाचोळा तुडवितो. थोड्या वेळाने पांढऱ्या शेपटीचा एक धिप्पाड नर मान ताठ करून सरळ त्याच्या बंदुकीसमोर येऊन उभा राहतो. ‘वा! याला म्हणतात कला!’ असा एकमुखी अभिप्राय पडला. मी एकटा काही बोललो नाही. मानाने आणि पगाराने मी त्या बैठकीत सर्वांत लहान होतो, हे त्याचे कारण. पण त्या गप्प बसण्याची टोचणी अजून गेलेली नाही. म्हणून हे लिहीत आहे.

ही कला कोणत्या पायावर उभी आहे ते आधी पाहू. हरणाची शिंगे बैलाच्या शिंगांसारखी जन्माची नसतात. ती दरवर्षी गळतात, नवी फुटतात, मखमली कातड्याखाली वाढतात आणि माजाचा काळ येईपर्यंत टणक होतात. अमेरिकेतील या हरणांचा माज बहुतेक प्रदेशांत नोव्हेंबरच्या सुमारास ऐन भरात असतो. त्या दिवसांत दोन नर मादीसाठी शिंगाला शिंग भिडवितात, तो खडखडाट रानात दूरवर जातो, आणि तो ऐकून तिसरा नर धावतो. एरवी पान हलले तरी बुजणारे हे जनावर त्या आठवड्यांत खाणेपिणे विसरते. शिकारी नेमका तोच क्षण साधतो. हरणाची भूक, झोप किंवा निष्काळजीपणा यांचा फायदा तो घेत नाही. वंश चालविण्याची जी प्रेरणा सृष्टीने त्या प्राण्याच्या रक्तात घातली, तिचाच तो फास करतो.

कोणी म्हणेल, ‘शिकार म्हटली की कपट आलेच, वाघ नाही का दबा धरून बसत?’ बसतो. परंतु लपून बसणे निराळे आणि खोटी हाक देणे निराळे. आपण सारे परमुलखातील चाकरमाने आहोत, आपणांस हा भेद समजावून सांगण्याची गरज पडू नये. ‘आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा’ अशा तारेची धास्ती आपल्या आधीच्या पिढीने जन्मभर बाळगली. २०१३ साली तारखाते बंद झाले, पण रात्री अवेळी फोन वाजला की आपल्याही छातीत तेच धस्स होते. उद्या कोणी असा खोटा निरोप धाडून आपणांस गाडीत बसविले आणि वाटेत लुटले, तर त्याच्या हुशारीला आपण कला म्हणू काय? चोराला आपण चोर म्हणू. पण ज्याने आईच्या नावाने बोलाविले त्याला चोराहून काही वाईट म्हणू.

ज्या दंडकारण्याच्या उत्तरेच्या कडेला आपण राहतो असे म्हणतात, त्याची मुख्य कथा तरी दुसरी कसली आहे? मारीचाने सोन्याचे कातडे पांघरले, त्याने भुलविले ते नजरेला. खरा घात झाला तो मरताना त्याने रामाच्या आवाजात मारलेल्या हाकेने. जो प्रेमाने बांधलेला असतो तोच खोट्या हाकेला फसतो.

आणि या प्रश्नाचा निवाडा महाभारताच्या आदिपर्वात झालेलाच आहे. किंदम ऋषी मृगरूपाने आपल्या भार्येशी रममाण असता पांडूने त्याला पाच बाण मारले. पांडूचा बचाव आपल्या यजमानांच्या बचावासारखाच होता : मृगया हा राजांचा आचार आहे, आणि अगस्त्यानेही मृग मारले होते. किंदमाचे उत्तर मोठे विलक्षण आहे. मृग मारलास म्हणून मी तुला दोष देत नाही, असे तो म्हणतो. दोष या गोष्टीचा, की सर्व प्राण्यांना प्रिय आणि हितकर असा जो समय, तो संपेपर्यंतही तुला थांबवले नाही. आजच्या शिकाऱ्याची गोष्ट पांडूच्याही पुढची आहे. पांडूला तो समय वाटेत आढळला. हा तो समय शिंगे आपटून स्वतः उभा करतो.

ही विद्या परदेशी आहे अशी समजूत करून घेऊन आपल्याला हात झटकता येणार नाहीत. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त पाळीव हरणाच्या शिंगांना जाळे बांधून त्याला रानटी हरणावर सोडण्याची रीत सांगितली आहे. झुंजीत रानटी हरणाचे शिंग, पाय किंवा कान जाळ्यात अडके आणि दडून बसलेले लोक धावून त्याला धरीत. आपल्याकडचे पारधी पिंजऱ्यातल्या पाळीव तितराला बोलते करून रानातल्या तितराला असेच फासात ओढीत. पण हिशेब पाहा. बादशहाने केले तो छंद ठरला आणि ग्रंथात गेला. पारध्याने पोटासाठी केले, आणि १८७१ च्या कायद्याच्या आधाराने त्याची जातच्या जात जन्मतः गुन्हेगार ठरली. तो शिक्का कागदावरून पुसला जाण्यास १९५२ साल उजाडले. पारध्याचा फास तितराला काही कमी काचत नव्हता, हे मी जाणतो. परंतु भुकेने केलेले कपट निदान स्वतःला कला म्हणवीत नाही.

प्रतिपक्षाच्या बाजूने दोन गोष्टी मला मान्य केल्या पाहिजेत. अमेरिकेच्या मोठ्या भागात लांडगे माणसाने संपविले आणि हरणांची संख्या बेसुमार वाढली. तेथे परवान्याने होणाऱ्या शिकारीला काही अर्थ आहे. दुसरे, जवळ आलेले जनावर एका गोळीत मरते, जखमी होऊन रानात तडफडत नाही. हा मुद्दा खरोखर वजनदार आहे, आणि जो मारून खातो त्याने तो मांडला तर मी त्याच्याशी भांडणार नाही. परंतु आपल्या देशात शिकार कायद्याने बंद आहे. येथे ना ती गरज आली, ना ती गोळी. आली ती फक्त युक्तीची चटक. ती कोणत्या वेषात आली, ते सांगताना मला माझाच अपराध सांगावा लागेल.

शिंगांच्या समोरच्या भिंतीवर यजमानांनी नवरंग पक्ष्याचे एक सुरेख छायाचित्र लावले आहे. त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होतो. जून महिना होता. दल्ली-राजहऱ्याच्या वाटेवरील रानात आम्ही पहाटेच गेलो होतो. नवरंग पावसाच्या तोंडावर या भागात वीण करतो आणि त्याची दुहेरी शीळ पहाटे आणि संध्याकाळी रानभर घुमते; पक्षी मात्र दिसत नाही. साहेबांच्या हातात कॅमेरा होता, म्हणून त्यांनी भ्रमणध्वनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘अहो, वाजवा तुम्ही.’ मी त्याच पक्ष्याची मुद्रित शीळ वाजविली. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला अशा समजुतीने तो झुडपातून उड्या मारीत बाहेर आला. त्याच्या चोचीत गांडुळे होती; म्हणजे जवळपास घरट्यात पिले होती. तो त्या यंत्राभोवती फिरला, थांबला, पुन्हा फिरला. साहेब म्हणाले, ‘अजून एकदा.’ मी अजून एकदा वाजविली. मग आणखी चार वेळा. चोचीतला घास पिलांपर्यंत गेला नाही तेवढा वेळ आम्ही त्याला तेथे धरून ठेवले, आणि मला, खरे सांगतो, मोठा आनंद झाला होता.

‘आम्ही मारीत नाही, फक्त चित्र काढतो’ हे वाक्य मी नंतर स्वतःशी अनेकदा म्हणून पाहिले. मी पेशाने कारकून. व्याख्येचे कलम आधी वाचण्याची मला सवय आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे केवळ मारणे नव्हे. पकडणे, फासणे, हाकणे, आमिष दाखविणे, आणि यांचा नुसता प्रयत्न करणे, हे सर्व त्या शब्दात येते. कायद्याचा कीस मला काढावयाचा नाही. भाव उघड आहे : प्राण्याला त्याच्या मार्गावरून फसवून ओढणे आणि त्याला मारणे ही एकाच वाटेवरची दोन गावे आहेत. ज्या घरात शिंगांबद्दल आता थोडी लाज वाटते, त्याच घरात त्या छायाचित्राचा अभिमान वाटावा, हे मला विसंगत दिसते.

या मासिकाचे वाचक बहुतेक अधिकारी आहेत, म्हणून त्यांच्यापुढे मुद्दाम एक विनंती ठेवतो. दौऱ्यावर आपण वनविश्रामगृहात उतरता तेव्हा बरोबरचा वाटाड्या किंवा वनरक्षक ‘साहेबांना पक्षी दाखवायचा’ म्हणून खिशातून यंत्र काढतो. ते नको असे त्याला साहेबांपुढे म्हणता येत नाही, जसे मला म्हणता आले नाही. आपणांस म्हणता येते. एवढे एकच वाक्य आपण बोलावे : ‘राहू द्या, दिसला तर दिसेल.’ मग झाडाखाली तासभर बसावे. नवरंग दिसणार नाही कदाचित. त्याची खरी शीळ मात्र ऐकू येईल, आणि ती आपल्यासाठी नसेल.