तिकीट, रांग आणि दुसरी भेट
इमॅजिकाच्या वाटचालीतून रायगडच्या पर्यटनाला मिळालेला धडा

विशेष प्रतिनिधी

खोपोलीहून पालीकडे जाणारा रस्ता एकेकाळी केवळ गणेशभक्तांचा म्हणून ओळखला जात असे. महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर ही अष्टविनायकांतील दोन्ही स्थाने रायगड जिल्ह्यात आहेत आणि एकाचे दर्शन आटोपून दुसऱ्याकडे निघालेला भाविक याच वाटेने जातो. या वाटेवर, खालापूर तालुक्यातील सांगडेवाडीत, एप्रिल २०१३ मध्ये ‘अ‍ॅडलॅब्ज इमॅजिका’चे दरवाजे उघडले. मुंबई आणि पुणे या दोन्ही महानगरांपासून सुमारे दोन तासांच्या अंतरावर, परदेशी थाटाचे मनोरंजन उद्यान उभे राहिल्याचे कौतुक त्या वेळी सर्वत्र झाले. मात्र नऊ वर्षांतच या उद्यानाची मालकी बदलली आणि कर्ज देणाऱ्या बँकांना आपल्या येण्यावर मोठे पाणी सोडावे लागले.

उद्यानातील राइड फसल्या, असे यातून म्हणता येणार नाही. ‘नायट्रो’ हा रोलर कोस्टर असो वा ‘मिस्टर इंडिया’वर बेतलेली राइड, त्यांची वाखाणणीच झाली. प्रश्न होता तो तिकिटाचा दर कोणत्या हिशेबाने ठरतो आणि त्या दराच्या बदल्यात ग्राहकाच्या पदरात काय पडते, याचा.

कर्जाने ठरविलेला दर

चित्रपट प्रक्रिया प्रयोगशाळेपासून वडाळ्याच्या आयमॅक्स चित्रपटगृहापर्यंत मजल मारणारे मनमोहन शेट्टी यांनी हा प्रकल्प उभारला. त्यासाठी सुमारे १६०० कोटी रुपये खर्च झाले आणि त्यातील मोठा वाटा कर्जाचा होता. पुढे २०१४ मध्ये वॉटर पार्क आणि २०१५ मध्ये हॉटेल यांची भर पडली.

मनोरंजन उद्यानाचे अर्थकारण कारखान्यापेक्षा वेगळे असते. मागणी घटली तर कारखाना उत्पादन कमी करतो. उद्यानात शंभर माणसे आली काय किंवा दहा हजार आली काय, वीज, देखभाल, सुरक्षा आणि पगार यांचा खर्च फारसा बदलत नाही. त्यावर व्याजाचा बोजा चढला, की तिकिटाचा दर ‘कुटुंबाला काय परवडेल’ यापेक्षा ‘बँकेला काय द्यायचे आहे’ यावर ठरू लागतो. इमॅजिकाच्या बाबतीत हेच घडल्याचे दिसते.

गुंतवणूकदारांनाही ही शंका आली असावी. मार्च २०१५ मधील भागविक्रीसाठी आधी २२१ ते २३० रुपयांचा दरपट्टा जाहीर झाला होता. प्रतिसाद थंडा पाहून मुदत वाढवावी लागली आणि पट्टा १८० ते २१५ रुपयांवर आणावा लागला. त्याच वर्षी केंद्रीय अर्थसंकल्पाने मनोरंजन उद्यानांची सेवाकरातील सूट काढून घेतली आणि जूनपासून १४ टक्के कर लागू झाला. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तो थेट २८ टक्क्यांचा. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला. मूळ तिकीट हजार रुपयांचे धरले, तर या दोन दरांमुळे चौघांच्या कुटुंबाच्या खर्चात चारशे रुपयांचा फरक पडतो. मध्यमवर्गीय घरात सहलीचा बेत ठरण्यास किंवा मोडण्यास एवढी रक्कम पुरेशी असते.

रांगेची किंमत

तिकिटावर छापलेला आकडा हा खरा दर नव्हेच. समजा, तिकीट दीड हजार रुपयांचे आहे. मंगळवारी रांगा नसताना एखाद्याने दिवसभरात बारा राइड घेतल्या, तर एक राइड १२५ रुपयांना पडते. रविवारी प्रत्येक ठिकाणी तासभर उभे राहून त्याच्या वाट्याला सहाच राइड आल्या, तर तीच २५० रुपयांना पडते. म्हणजे रांग ही न छापलेली दरवाढच आहे. त्यात सुट्टीच्या दिवशी तिकीटही महाग असते. साहजिकच जास्त पैसे मोजणाऱ्याच्या पदरात कमी पडते.

सवलतीचेही तसेच आहे. रिकाम्या दिवशी दिलेली सवलत माणसे आणते आणि कोणाचेही नुकसान करीत नाही. गर्दीच्या दिवशी दिलेली सवलत मात्र आधीच आत असलेल्या प्रत्येकाची रांग लांबविते. जादा पैसे घेऊन रांगेत पुढे नेणारे पास जगभरच्या उद्यानांत विकले जातात. त्यातून महसूल मिळतो. पण मुलाचा हात धरून उन्हात उभ्या असलेल्या बापाच्या डोळ्यांदेखत कोणी पुढे निघून गेले, तर त्या घरी उद्यानाविषयी काय बोलले जाईल, हे कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

ग्राहकसेवेचा अर्थ येथेच लागतो. दारावरचे हसतमुख स्वागत हा तिचा लहानसा भाग आहे. बंद असलेल्या राइडची सूचना तिकीट काढण्याआधी मिळणे, प्रतीक्षेचा वेळ खरा सांगणे, सावली, पिण्याचे पाणी, स्वच्छ प्रसाधनगृह आणि उंचीच्या नियमामुळे राइड नाकारल्या गेलेल्या लहानग्यासाठी दुसरा पर्याय, या गोष्टींवरच तिकीट महाग वाटते की रास्त, हे ठरते.

डब्याचा प्रश्न

मराठी कुटुंब सहलीला निघाले, की डबा बरोबर असतोच. उद्यानाच्या दारात तो अडविला जातो आणि आतील पदार्थांचे दर पाहून मनस्ताप होतो. खाद्यपदार्थांची विक्री हा उद्यानांच्या उत्पन्नाचा महत्त्वाचा भाग असल्याने व्यवस्थापनांना ही बंदी सोडवत नाही.

महाराष्ट्रात हा वाद मल्टिप्लेक्सच्या निमित्ताने गाजला होता. बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्यास मुभा असेल, अशी घोषणा जुलै २०१८ मध्ये विधिमंडळात झाली. पण पुढच्याच महिन्यात राज्य सरकारने उच्च न्यायालयात माघारीची भूमिका घेतली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये चित्रपटगृहांचा बंदीचा अधिकार मान्य केला, मात्र पिण्याचे पाणी विनामूल्य देण्याचे बंधनही अधोरेखित केले. तरीही अधिकार असणे आणि तो वापरणे शहाणपणाचे असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चित्रपट तीन तासांत संपतो. उद्यानात मात्र दोन वेळचे खाणे होते. त्या दोन जेवणांचा खर्च पालक तिकिटातच धरतात.

कोची आणि पॅरिस

याच व्यवसायात दुसरी वाट चोखाळणारी कंपनी दक्षिणेत आहे. ‘वंडरला’चे पहिले उद्यान कोचीत २००० मध्ये सुरू झाले, दुसरे बंगळुरूत २००५ मध्ये आणि तिसरे हैदराबादेत २०१६ मध्ये. एकाच्या उत्पन्नातून पुढच्याचा पाया घालायचा, काही राइड स्वतःच्याच कारखान्यात बनवायच्या आणि कर्ज बेताचे ठेवायचे, ही त्यांची रीत. हैदराबादचे उद्यान सुमारे अडीचशे कोटींत उभे राहिले. कंपनीच्या २०१४ मधील भागविक्रीला अनेक पटींनी प्रतिसाद मिळाला. व्याजाचा तगादा नसलेल्या मालकाला एखादा मंदीचा हंगाम सोसता येतो आणि दर वाढविण्याची घाई करावी लागत नाही.

इमॅजिकासारखाच अनुभव खुद्द डिस्नेलाही आला आहे. पॅरिसजवळ एप्रिल १९९२ मध्ये उघडलेले उद्यान दोन वर्षांत आर्थिक अडचणीत आले. तिकिटे महाग होती, हॉटेले महाग होती आणि जेवणाबरोबर वाइन घेण्याची सवय असलेल्या फ्रान्समध्ये उद्यानात वाइनला मज्जाव होता. १९९३ मध्ये तो नियम बदलला, १९९४ मध्ये कर्जाची फेररचना झाली आणि १९९५ मध्ये प्रौढांचे तिकीट २५० फ्रँकवरून १९५ फ्रँकवर आणण्यात आले. त्या वर्षी उद्यानाने प्रथमच नफा पाहिला. त्यात व्याजाच्या सवलतीचाही वाटा होता, हे विसरून चालणार नाही. दर उतरविण्याची मोकळीक कर्ज हलके झाल्यावरच मिळाली.

मालक बदलले, प्रश्न तोच

इमॅजिकाला ही मोकळीक उशिरा मिळाली. मार्च २०२० मध्ये करोनामुळे दरवाजे बंद झाले. त्या वर्षी समभाग दहा रुपयांच्याही खाली घसरला. अखेर २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने सुमारे ६६ टक्के हिस्सा घेतला आणि युनियन बँकेच्या नेतृत्वाखालील धनको बँकांनी थकबाकीचा मोठा भाग सोडून तडजोड स्वीकारली. लोणावळा आणि शिर्डी येथील वॉटर पार्क, तसेच शिर्डीचे ‘साईतीर्थ’ चालविण्याचा अनुभव या समूहापाशी आहे. लोक आधीच ज्या वाटेने जातात, त्या वाटेवर उद्यान उभारायचे, हे त्यांचे सूत्र. खोपोली-पाली रस्ता त्यात चपखल बसतो.

मात्र हलके झालेले कर्ज हे यश नव्हे, ती दुसरी संधी आहे. तिची किंमत सार्वजनिक बँकांनी, म्हणजे पर्यायाने ठेवीदारांनी आणि करदात्यांनी, मोजली आहे. खालापूर तालुक्यातील तरुणांच्या नोकऱ्या, रस्त्यालगतची छोटी हॉटेले आणि गाडीवाल्यांचा धंदा या संधीवर अवलंबून आहे.

स्पर्धाही बदलली आहे. मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या रो-रो सेवेने भाऊचा धक्का ते मांडवा हे अंतर तासाभरावर आणले. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. अलिबाग, नागाव, काशीद आणि मुरूड-जंजिरा यांची सहल मुंबईकराला पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे आणि समुद्राला प्रवेशशुल्क नाही. किनाऱ्यावर जाणारे कुटुंब डबा नेते, हवा तेवढा वेळ बसते आणि पुढच्या वर्षी पुन्हा जाते.

मनोरंजन उद्यानाला नेमके हे ‘पुन्हा’ मिळवायचे आहे. पहिल्यांदा माणूस जाहिरात पाहून आणि मुलांच्या हट्टापायी येतो. मुंबई-पुण्याची लोकसंख्या कितीही मोठी असली, तरी ही पहिल्या भेटीची गर्दी काही वर्षांत ओसरतेच. १९८९ पासून मुंबईच्या दोन पिढ्यांना रिझविणारे गोराईचे एस्सेलवर्ल्डही २०२२ मध्ये बंद पडले. त्यानंतर उद्यान तरते ते परतीच्या वाटेवर गाडीत होणाऱ्या बोलण्यावर. ‘पैसे वसूल झाले’ असे आईवडील म्हणाले, तर पुढच्या दिवाळीच्या सुट्टीचे तिकीट तेथेच विकले गेलेले असते.