आईने किती करायचे?

अमेरिकेत 2024 साली ‘द फोर्ज’ हा चित्रपट आला. तो ख्रिस्ती श्रद्धेवरचे चित्रपट काढणाऱ्या केंड्रिक बंधूंचा. शाळा संपल्यावर घरी बसून खेळात वेळ घालवणारा एकोणीस वर्षांचा आयझाया, त्याला एकटीने वाढवणारी आई आणि व्यायामाची यंत्रे बनवणारा कारखानदार जोशुआ मूर. मूर त्याला नोकरी देऊन मोकळा होत नाही. समोर बसवतो, प्रार्थनेकडे वळवतो, आईशी कसा वागतोस ते विचारतो. चित्रपटात प्रवचन जरा जास्तच आहे. तरीही दुसऱ्याच्या मुलाचा भार एक कर्ता पुरुष आपणहून उचलतो, हे मनाला भिडते.

मराठी पडद्यावर असा पुरुष सहसा सापडत नाही. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ने (1936) मुंबईत वर्षभराहून अधिक मुक्काम ठोकला, जगात नाव काढले, पण आपल्या भक्तिपटांचा जीव बहुधा चमत्कारात रमला. मुलगा घडतानाचा आपला सर्वांत लाडका चित्रपट ‘श्यामची आई’ (1953). तिथे घडवणारी आईच. पुढे घराघरांतही आपण तीच वाटणी कायम ठेवली. पोरगा बिघडला तर बोल आईला, आणि गल्लीतले बापे गप्प.

अशा चित्रपटासाठी विषयांची मात्र वाण नाही. विष्णुबुवा जोग हे तालमीत घुमलेले, आजन्म ब्रह्मचारी वारकरी. 1917 साली त्यांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. सोनोपंत दांडेकर त्यांचेच शिष्य, आपल्या मराठवाड्याचे बंकटस्वामीही त्यांच्याच मुशीतले. खेड्यापाड्यांतली पोरे तिथे राहून पाठांतर, टाळ-मृदंग शिकली, आणि गावोगावचे सप्ताह उभे राहिले.

मराठवाड्यातल्या उदगीरला तर आळंदीपर्यंतही जायला नको. निजामाच्या राज्यात इथे वकिली करणाऱ्या भाई श्यामलाल यांनी आर्य समाजाचे काम वाढवले. 1938 च्या डिसेंबरात बीदरच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. लगेच पुढच्या वर्षी हैदराबाद संस्थानातला आर्य सत्याग्रह पेटला आणि हजारो माणसे तुरुंगात गेली. त्या पिढीतल्या कितीतरी तरुणांना आर्य समाजाच्या व्यायामशाळांनी आणि सत्संगांनी उभे केले होते. जोर काढायचे, संध्या करायची, जात विसरून एका पंगतीला बसायचे आणि वेळ आली की तुरुंगात जायचे. त्या लढ्यात धर्माधर्मांतली कटुताही होती. या विषयावर चित्रपट निघाला तर ती झाकू नये; तिच्यासकटच ती माणसे खरी वाटतील. श्यामलाल यांच्या नावाने उदगिरात शाळा आहे, पण त्यांनी पोरांना काय दिले हे तिथल्या मुलांना पडद्यावर कधी पाहायला मिळणार?

हे आज बोलायचे, कारण पोरांच्या खांद्यावर हात ठेवणाऱ्याची जागा रिकामी राहिलेली नाही. वाढदिवसाच्या फलकावर फोटो छापून देणारा ‘भाऊ’ तिथे आहे. मिरवणुकीत डीजेपुढे नाचायला पोरे लागतात, निवडणुकीत गाड्यांमागे पळायला लागतात. धर्माचे नाव तिथेही घेतले जाते. पण त्या धर्मात दुसऱ्याचा राग करायचा असतो, स्वतःला काही लावून घ्यायचे नसते. भरतीची वयोमर्यादा उलटली, शेत दोन एकरांवर आले, लग्न जमेना, की मग हे भाऊ फोन उचलत नाहीत. उदगीरच्या मातीत बसवण्णांचा कायक-विचार आठशे वर्षे मुरलेला आहे. श्रमालाच पूजा मानणाऱ्या या भागात पोराला कामाची गोडी लावणारा गुरू मिळू नये, याचे फार वाईट वाटते.

चित्रपट निघेल तेव्हा निघेल. तोवर सप्ताहाच्या मांडवात पंगती वाढायला येणाऱ्या पोरांकडे तरी बघावे. सात दिवस पहाटे काकड्याला उठणारी ही मुले काल्यानंतर कुठे जातात, हे कीर्तनकाराने, तालमीच्या वस्तादाने, निवृत्त गुरुजींनी विचारावे. प्रत्येकाने दोन-तीन नावे धरावीत. आयटीआयचा फॉर्म भरला का, उसनवारी कुणाची आहे, बहिणीला वाटणीचे काय सांगितलेस, हे महिन्या-महिन्याला घरी जाऊन विचारावे, आणि पोरगा टाळू लागला तरी पुन्हा जावे.