मधला खण

दिवाळी अंकातला लेख फराळाच्या ताटात शोभेल असा असावा, हा जुना शिरस्ता मला ठाऊक आहे. तरीही यंदा मी एका पिस्तुलाविषयी लिहिणार आहे, आणि ते टिकल्या फोडण्याचे पिस्तूल नव्हे. ज्यांना राग येईल त्यांनी तो लेख संपेपर्यंत राखून ठेवावा, एवढीच विनंती.

गोष्ट मे महिन्यातली. मी मुलीकडे न्यू जर्सीला गेले होते. आमचे व्याहीही तेव्हा तेथेच होते. मोठा सज्जन माणूस. पहाटे उठून रामरक्षा म्हणणार, नातवाच्या बुटाची नाडीसुद्धा स्वतः बांधू पाहणार. नातू तेरा वर्षांचा. एके दिवशी तो शाळेच्या ग्रंथालयातून एक पुस्तक घेऊन आला आणि ते टेबलावर टाकून खेळायला गेला. व्याह्यांनी चार पाने चाळली, चष्मा काढून पुसला, आणि पुस्तक उचलून आपल्या खोलीतल्या कपाटात ठेवले.

"विहीणबाई," ते म्हणाले, "हे पोराच्या हाती देण्याजोगे नाही. आरंभालाच खून आहे. आणि मी ते कपाटात ठेवले आहे, हे त्याला सांगू नका."

माझे भांडण पहिल्या दोन वाक्यांशी थोडे आहे. तिसऱ्याशी मात्र पुरते आहे.

पुस्तकाचे नाव 'लाँग वे डाउन'. लेखक जेसन रेनॉल्ड्स, जन्म 1983चा. सतराव्या वर्षापर्यंत आपण एकही पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचले नव्हते, हे त्यांनीच अनेकदा सांगितले आहे. एकोणिसाव्या वर्षी त्यांच्या एका मित्राचा खून झाला, आणि ते व त्यांचे सोबती सूड घ्यायला निघण्याच्या बेतात होते. त्या आठवणीच्या पोटी 2017 साली ही कादंबरी जन्मली. किशोरवयीनांसाठी लिहिलेली, सबंध मुक्तछंदातली, आणि अर्पण केलेली कोठडीत पडलेल्या मुलामुलींना.

कथा अशी. विल हा पंधरा वर्षांचा मुलगा. त्याचा थोरला भाऊ शॉन आईच्या इसबासाठी लागणारा साबण आणायला दुकानात जातो, आणि परतताना गोळी लागून रस्त्यातच मरतो. विलच्या वस्तीत तीन नियम आहेत, बापाकडून मुलाकडे आणि थोरल्याकडून धाकट्याकडे आलेले. रडायचे नाही. कोणाचे नाव सांगायचे नाही. आणि आपल्या माणसाला ज्याने मारले त्याला मारायचे. आई स्वयंपाकघरात हुंदके देत असते. मुलगा खोलीत डोळे कोरडे ठेवून पडलेला असतो. शॉनच्या कपाटाचा मधला खण वाकडा अडकून बसलेला आहे. विल तो उचकटतो. आत पिस्तूल असते. ते कमरेला खोचून सकाळी तो आठव्या मजल्यावर लिफ्टमध्ये शिरतो. खाली पोहोचायला जेमतेम मिनिटभर लागायचे. पण प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबते, आणि दर वेळी एक मेलेले माणूस आत येते.

पहिला येतो तो ज्याने शॉनला हे पिस्तूल दिले होते. मग डॅनी, खेळाच्या मैदानावर आठव्या वर्षी भलत्याच गोळीने मेलेली विलची मैत्रीण. ती साधाच प्रश्न विचारते, तुझा नेम चुकला तर? मग काका. आणि चौथ्या मजल्यावर स्वतः बाप. बाप दुःखाने काळीज फुटून गेला, असे विलला लहानपणापासून सांगितलेले. खरे तसे नव्हते. बापाने आपल्या भावाचा सूड म्हणून एकाला मारले होते, आणि तो माणूस भलताच निघाला होता.

ही एवढी एक गोष्ट घरात कोणी वेळेवर सांगितली असती तर? कादंबरी हा प्रश्न तोंडाने विचारत नाही. पण तो प्रत्येक मजल्यावर लिफ्टमध्ये उभाच असतो. विल तर एका मुलाचे नाव मनाशी धरून, तोच खुनी असे ठरवून निघालेला. खात्री कशाची? बापाला होती तेवढीच.

आता व्याहीबुवांचे म्हणणे. त्यांच्यासारखे हजारो सुज्ञ लोक आहेत, म्हणून ते नीट मांडते. ते म्हणाले: एक, मुले अनुकरण करतात. दोन, बालपण निरागस राहू द्यावे. तीन, हे तिकडचे दुखणे आहे. आपल्या मुलांना त्याची बाधा कशाला?

पहिला मुद्दा घेऊ. पोरे अनुकरण करतात हे खरेच. पण कशाचे? ज्या खेळांत पडद्यावर बंदूक चालवली की माणूस नाहीसा होतो आणि गुण वाढतात, ते खेळ त्याच घरात खुशाल चालू होते. तेथे व्याहीबुवांनी चष्मा पुसला नाही! या कादंबरीत मात्र लिफ्टच्या त्या सबंध प्रवासात एकही गोळी सुटत नाही. मेलेली माणसे पुन्हा उभी राहतात, हिशेब विचारतात. ज्या पुस्तकात मेलेला माणूस मेलेला राहतो आणि तरीही बोलतो, ते वाचून कोणाचा हात बंदुकीकडे जाईल? 2018 साली हे पुस्तक न्यूबेरी आणि प्रिन्ट्झ या दोन्ही पारितोषिकांच्या सन्मानयादीत आले, आणि 2020 साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने याच लेखकाला बालकुमार साहित्याचा राष्ट्रीय दूत नेमले. पारितोषिकामुळे पुस्तक चांगले ठरत नाही, हे मला मान्य आहे. परंतु चार पाने चाळूनही ते वाईट ठरत नाही.

दुसरा मुद्दा निरागसतेचा. त्याच आठवड्यात नातू जेवताना सहज म्हणाला, "आज आमची कवायत होती." न्यू जर्सीत दर महिन्याला शाळेला एक आगीची आणि एक सुरक्षेची कवायत घ्यावीच लागते. दिवे घालवायचे, दारापासून लांब भिंतीशी बसायचे, श्वासाचाही आवाज करायचा नाही. कोणी बंदूक घेऊन आला तर, म्हणून. हे सांगताना त्याने पोळीचा दुसरा तुकडा मोडला. ज्या मुलाला कोठे लपावे हे ठाऊक आहे, त्याच्यापासून आपण पुस्तक लपवतो, आणि त्याला निरागसता जपणे म्हणतो! 2020 साली अमेरिकेत 1 ते 19 वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंच्या कारणांत बंदूक पहिल्या क्रमांकावर आली. मोटार अपघातही मागे पडले. मुलांना हे ठाऊक आहे. न बोलणारे आपणच.

आणि बंदूक येते कोठून? तीही घरातूनच. 2008 ते 2017 या काळात अमेरिकेतल्या शाळांवर झालेल्या हल्ल्यांचा तेथील सीक्रेट सर्व्हिस खात्याने अभ्यास केला. बंदूक वापरणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांनी ती आईबापांच्या किंवा जवळच्या नातलगांच्या घरून मिळवली होती. 2021 सालच्या एका पाहणीवरून केलेला अंदाज असा, की तेथील सुमारे 46 लाख मुले ज्या घरात राहतात त्या घरात निदान एक तरी बंदूक भरलेली आणि कुलपाबाहेर आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मिशिगन राज्यात एका पंधरा वर्षांच्या मुलाने शाळेत चार विद्यार्थ्यांना ठार मारले. पिस्तूल बापाने चारच दिवसांपूर्वी विकत घेतलेले. त्या सकाळी मुलाने कागदावर काढलेले भयंकर चित्र पाहून शाळेने आईबापांना बोलावले होते. ते आले, बोलले, आणि त्याला वर्गात ठेवून निघून गेले. घरात पिस्तूल आहे हे त्यांनी सांगितले नाही. मुलाचे दप्तर कोणी उघडून पाहिले नाही. 2024 साली न्यायालयाने त्या दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी तुरुंगात धाडले. शाळेतल्या सामूहिक गोळीबारासाठी त्या देशात आईबापांना अशी शिक्षा होण्याची ती पहिलीच वेळ.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण मोठ्या तोऱ्यात म्हणतो. त्या सकाळी ती मूठ उघडली असती तर चार मुले आज जिवंत असती.

तिसरा मुद्दा, हे तिकडचे दुखणे. बंदुका तिकडच्या, हे कबूल. पण ते तीन नियम? "मुलगा असून रडतोस?" आणि "घरातले बाहेर न्यायचे नाही" ही वाक्ये मी इंग्रजीतून शिकले नाही. व्याहीबुवांना मी त्या दिवशी जे सांगितले तेच येथे सांगते.

माझे धाकटे काका साप चावून गेले, असे आम्हां मुलांना सांगितलेले. त्यांचा फोटो देवघराशेजारी होता. त्याला हार असे, गोष्ट नसे. माझा थोरला भाऊ चौदा वर्षांचा असताना बाजाराच्या दिवशी कोणीतरी त्याला हटकले: तुझ्या काकाला बांधाच्या भांडणात शेजाऱ्याने मारले, आणि तुमच्या घरातला एक पुरुष जागचा हलला नाही. भाऊ घरी आला, जेवला नाही. मध्यरात्री आई उठली तेव्हा तो कोयता घेऊन दारात उभा होता. आई आधी ओरडली नाही, मग रडलीही नाही. उंबऱ्यावर आडवी बसली आणि पहाटेपर्यंत त्याला सारे सांगत राहिली. पहिला घाव काकांनी घातला होता, हेही सांगितले. शेजाऱ्याने बारा वर्षे तुरुंगात काढली आणि तो दमा घेऊन घरी आला, हेही. मी पांघरुणातून ऐकत होते. उजाडताना भावाने कोयता गोठ्यात नेऊन ठेवला, आणि तो रडला.

कोणी म्हणेल, मग गोष्टी सांगितल्या की झाले. बंदुकीचा कायदा कशाला? तसे मी म्हणत नाही. कोयता घेऊन दोन कोस चालावे लागते. तेवढ्यात आई जागी होऊ शकते. पिस्तुलाला लिफ्टचे एक मिनिट पुरते. म्हणूनच कपाटाला कुलूप हवे आणि देशाला कायदा हवा. पण कुलूप लावायचे ते शस्त्राला. आपण ते गोष्टीला लावतो आणि खण तसाच सोडतो.

व्याहीबुवा त्या दिवशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या खोलीचे दार लोटलेले होते, आणि आत ते खिडकीशी बसून तेच पुस्तक वाचत होते. मी पाऊल न वाजवता परतले. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते स्वतः नातवाच्या हातात दिले. म्हणाले, "मी हे कपाटात ठेवले होते, बाळ. चुकलेच. वाच, आणि त्या मुलाने शेवटी काय केले असेल ते मला सांग." कारण लेखकाने ते सांगितलेले नाही. लिफ्ट खाली पोहोचते, दार उघडते, आणि पुस्तक तेथेच संपते.

आजोबा आणि नातू त्यावर चार रात्री भांडत होते. मधूनच नातवाने मला विचारले, "आजी, आपल्याकडे असे काही झाले आहे का?" मी त्याला काकांच्या फोटोची गोष्ट सांगितली. पहिला घाव कोणी घातला, तेही सांगितले.

वाचकहो, या चार दिवसांत घरे भरलेली असतील. मुले टिकल्यांची पिस्तुले एकमेकांवर रोखतील. खुशाल रोखू द्या. पण भाऊबीजेची ताटे उचलल्यावर एखादे पोर भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून, हे कशाने गेले, असे विचारील, तेव्हा "साप चावला" म्हणू नका. आपण नाही सांगितले तर बाजारात कोणीतरी सांगेलच, आणि तो सांगेल ती गोष्ट अर्धीच असेल.