उरलेल्या दिवसांचे पैसे ग्राहकाचेच

मोबाइलचा एक प्लॅन सोडून दुसऱ्यात जाण्याचा ग्राहकाचा हक्क या देशात वीस वर्षांहून जुना आहे. जुलै 2004 मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, दर-आदेशाच्या एकतिसाव्या दुरुस्तीत तो स्पष्ट शब्दांत लिहिला. ग्राहक एखाद्या प्लॅनमध्ये आला की सहा महिने कंपनीने त्याच्यासाठी दर वाढवायचे नाहीत. ग्राहकावर मात्र सहा महिन्यांचे कोणतेही बंधन नाही. त्याने मध्येच दुसरा प्लॅन मागितला, तर तो लगेच किंवा पुढच्या बिलापासून दिलाच पाहिजे. करारातले दोन पक्ष समान बळाचे नसतात, म्हणून बलवान पक्षाला बांधायचे आणि दुबळ्याला मोकळे ठेवायचे, असा त्यामागचा विचार होता. तो योग्यच होता.

पुढे बाजार बदलला. आज देशातले नव्वद टक्क्यांहून अधिक मोबाइलधारक प्रीपेड आहेत. ते महिनाअखेरीस बिल भरत नाहीत. 28, 56, 84 किंवा 365 दिवसांचे पैसे आधी मोजतात आणि मग बोलायला लागतात. 28 दिवसांच्या पॅकवर सहा महिन्यांच्या दरहमीला फारसा अर्थ उरत नाही आणि 365 दिवसांच्या पॅकवर प्लॅन बदलण्याच्या स्वातंत्र्याला. कारण पैसे आधीच कंपनीच्या तिजोरीत गेलेले असतात. प्लॅन बदला, कंपनी बदला, कोणी अडवणार नाही. फक्त उरलेल्या दिवसांचे पैसे विसरा, असा हा व्यवहार आहे. कागदावर कुठेही दंड लिहिलेला नाही, पण ग्राहकाच्या खिशातून तो वसूल होतो.

हा दंड कोणाला सर्वांत जास्त बसतो, ते पाहायचे तर दिवाळीनंतर सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात जावे. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल मिळालेली असते, तेव्हा निघण्याआधी फोनमध्ये तीन महिन्यांचा रिचार्ज मारून घेतला जातो. गावी म्हातारे आईवडील आणि शाळेत जाणारी पोरे मागे राहिलेली असतात. त्यांच्याशी रात्री दोन शब्द बोलायला फोनशिवाय दुसरे साधन नाही. टोळी फडावर पोचते आणि कळते, की गावात चांगली चालणारी कंपनी इथे धड चालत नाही. दुसऱ्या कंपनीचा टॉवर समोर दिसत असतो. मग कारखान्याच्या रस्त्यावरच्या दुकानात संवाद होतो तो असा. ‘भाऊ, हा नंबर दुसऱ्या कंपनीत टाकता येईल का? फडावर रेंजच येईना.’ ‘येतोय की. पण तीन महिन्यांचा मारलाय न्हवं? त्यो जाणार बघा.’ तो माणूस फोन खिशात टाकतो आणि रेंज शोधत बांधावर चढतो.

त्याच्या हिशेबात ही रक्कम किती मोठी आहे? जुलै 2024 च्या दरवाढीनंतर जिओचा रोज दीड जीबी डेटाचा 84 दिवसांचा पॅक 799 रुपयांना झाला. वीस दिवसांनी तो सोडायचा म्हटले, तर 64 दिवस शिल्लक राहतात. त्यांची किंमत सहाशे रुपयांवर जाते. घरात असे दोन फोन असले तर बाराशे. कोयत्यावर राबणाऱ्या जोडप्याला एवढे पैसे सोडून देणे परवडत नाही, आणि कोणी ते सोडून द्यावेत अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीला नाही. पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला आलेला मुलगा, बदलीवर गडचिरोलीला गेलेली शिक्षिका, मुंबईतून निवृत्त होऊन कोकणात परतलेले जोडपे, या सगळ्यांची अडचण हीच आहे. माणसे जागा बदलतात. टॉवर बदलत नाहीत.

यावर उत्तर म्हणून नंबर पोर्टेबिलिटीकडे बोट दाखवले जाते. ती सोय मोठी आहे, यात शंका नाही. 25 नोव्हेंबर 2010 रोजी हरियाणात ती सुरू झाली, 20 जानेवारी 2011 पासून देशभर आली आणि 3 जुलै 2015 पासून एका सर्कलमधून दुसऱ्यात जातानाही नंबर कायम ठेवता येऊ लागला. महाराष्ट्राला या शेवटच्या बदलाचा खरा उपयोग झाला, कारण दूरसंचाराच्या नकाशात मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण हे वेगळे सर्कल आहे, तर उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसऱ्या सर्कलमध्ये मोडतो. डिसेंबर 2019 पासून तर प्रक्रिया आणखी सोपी झाली. 1900 वर एक मेसेज पाठवायचा, आठ अक्षरांचा कोड येतो, सर्कलच्या आत तीन आणि बाहेर पाच कामाच्या दिवसांत नंबर नव्या कंपनीत सुरू होतो. मात्र प्रीपेड खात्यातली शिल्लक पोर्ट होताना रद्द होते. ती नव्या कंपनीत जात नाही, ग्राहकाला परतही मिळत नाही. नंबर सोबत नेण्याचा हक्क आपण दिला, पैसे सोबत नेण्याचा दिलाच नाही.

आता याच व्यवस्थेची दुसरी बाजू पाहा. पोस्टपेड ग्राहक थकबाकी ठेवून दुसऱ्या कंपनीत गेला, तर जुनी कंपनी त्याचा पाठलाग करू शकते. तिने थकबाकीची नोंद कळवली, ठरलेली मुदत उलटली आणि ग्राहकाने पैसे भरले नाहीत, तर नव्या कंपनीला त्याचा नंबर बंद करावा लागतो. म्हणजे कंपनीचे येणे ग्राहकाच्या मागोमाग जाते, त्यासाठी नियम आहे, यंत्रणा आहे, दोन कंपन्यांच्या मध्ये बसून निरोप पोचवणारी परवानाधारक संस्था आहे. ग्राहकाचे येणे मात्र त्याच क्षणी पुसले जाते. एकाच दारातून बाहेर पडताना दोघांना दोन न्याय! या एका गोष्टीवर नियामकाला काही उत्तर देता येईल, असे आम्हाला वाटत नाही.

पोस्टपेडवाल्यांचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. त्यांचा बदल पुढच्या बिलापासून लागू होतो आणि नुकसान झालेच तर एखाद्या महिन्याचे. खरी कोंडी प्रीपेडचीच आहे, आणि ती कंपनी बदलतानाच होते असे नाही. त्याच कंपनीत मोठ्या प्लॅनवर जायचे म्हटले तरी जुन्या पॅकच्या उरलेल्या दिवसांचे मूल्य नव्या पॅकच्या किमतीतून वजा होईल, याची हमी नाही. नवा पॅक रांगेत उभा राहणार, की लगेच सुरू होऊन जुन्याला गिळणार, हे रिचार्ज करण्याआधी दुकानदारालाही नेमके सांगता येत नाही. ग्राहकाला तर नाहीच नाही.

वाटेत अडथळे ठेवण्याची प्रवृत्तीही आहे. स्वस्त पॅकमध्ये बाहेर मेसेज पाठवण्याची सोयच नसे, त्यामुळे त्या ग्राहकाला पोर्टसाठी 1900 वर मेसेज करता येत नसे. सर्वांत गरीब ग्राहकाच्या जाण्याचे दार असे बंद झाले होते. अखेर डिसेंबर 2021 मध्ये ट्रायला निर्देश काढावा लागला, की पॅक कितीचाही असो, पोर्टचा मेसेज गेलाच पाहिजे. पोर्ट केल्यावर नव्या कंपनीत 90 दिवस काढल्याशिवाय पुन्हा पोर्ट करता येत नाही, हा दुसरा नियम. बाजारातला एक नेहमीचा मोठा पॅक 84 दिवसांचा. तो संपतो तेव्हा नव्वदीला सहा दिवस कमी असतात. त्या सहा दिवसांसाठी पुन्हा रिचार्ज करायचा आणि नव्वदाव्या दिवसानंतर निघताना त्याचेही उरलेले दिवस सोडायचे. हे कोणी मुद्दाम जुळवले असे आम्ही म्हणत नाही, पण त्याचा भार कोण उचलतो ते उघड आहे.

जुलै 2024 मध्ये लोकांनी आपला राग दाखवून दिला होता. तिन्ही खासगी कंपन्यांनी एका आठवड्याच्या आत दर वाढवले. दीड जीबीचा 28 दिवसांचा जिओचा पॅक 239 वरून 299 रुपयांवर गेला, वर्षाचा 2999 वरून 3599 वर. त्या एका महिन्यात बीएसएनएलकडे सुमारे 29 लाख ग्राहक वाढले; एअरटेलचे सुमारे 17 लाख, व्होडाफोन आयडियाचे 14 लाख आणि जिओचे साडेसात लाख घटले. अनेकांनी मात्र दरवाढ लागू होण्याआधीच घाईघाईने लांबचे पॅक घेऊन ठेवले होते. तेव्हा ती शहाणपणाची गोष्ट होती. पण त्यांच्यापैकी ज्यांना नंतर कंपनी बदलावीशी वाटली असेल, त्यांचे पाय त्यांच्याच आगाऊ पैशांनी बांधलेले होते. स्पर्धेमुळे दर आटोक्यात राहतात, असे आपल्याला सांगितले जाते. ग्राहकाला जाता येत नसेल, तर ती स्पर्धा कोणासाठी?

कंपन्यांचा एक आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. लांबचा पॅक सवलतीत दिला जातो, ग्राहक तितके दिवस राहील या भरवशावर. त्याने मध्येच जाताना दिवसांच्या प्रमाणात पैसे मागितले, तर सवलत फुकट गेली. तर मग सवलत कापून घ्या. वापरलेले दिवस 28 दिवसांच्या पॅकच्या दराने मोजा. 299 रुपयांना 28 दिवस, म्हणजे दिवसाला सुमारे 10 रुपये 70 पैसे. वीस दिवसांचे झाले 214. ते 799 मधून वजा केले, तरी 585 रुपये ग्राहकाचे निघतात. सरळ प्रमाणात हिशेब केला असता तर 609 निघाले असते. फरक चोवीस रुपयांचा. या चोवीस रुपयांवर कंपनीचा हक्क आम्हाला मान्य आहे. उरलेल्या 585 रुपयांवर तो कसा, हे कोणी तरी सांगावे.

असा नियम आपल्या देशात नवा नाही. विमा नियामकाने मे 2024 मध्ये आरोग्यविम्याबाबत हेच केले. एक वर्षापर्यंतची पॉलिसी ग्राहकाला सात दिवसांची सूचना देऊन केव्हाही रद्द करता येते आणि दावा केलेला नसेल, तर उरलेल्या काळाचा हप्ता प्रमाणात परत द्यावा लागतो. विमा कंपनीची जोखीम मोबाइल कंपनीपेक्षा कितीतरी गुंतागुंतीची असते. तिला हे जमत असेल, तर न वापरलेल्या दिवसांची मोजदाद ज्यांच्या संगणकात सेकंदासेकंदाला होते त्यांना न जमण्याचे कारण नाही. युरोपीय संघाच्या 2018 च्या दूरसंचार संहितेत तर कंपनी बदलणाऱ्या प्रीपेड ग्राहकाने मागितल्यास शिल्लक परत द्यावी, असे स्पष्ट म्हटले आहे. त्यासाठी शुल्क घ्यायचे असेल, तर ते करारात लिहिलेले हवे आणि प्रत्यक्ष खर्चापुरतेच हवे.

दाद मागायची सोय आज आहे, पण ती या प्रश्नाला पुरी पडत नाही. ट्राय वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही. आधी कंपनीचे तक्रार केंद्र, मग कंपनीचेच अपील प्राधिकरण. ग्राहक आयोगाचे दार बरीच वर्षे बंद होते, ते सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी 2022 च्या निकालाने मोकळे झाले. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्कही लागत नाही. तरीही सहाशे रुपयांसाठी फडावरची मजुरी बुडवून जिल्ह्याच्या गावी तारखेला कोण जाणार? आणि गेला, तरी शिल्लक रद्द होते असे नियमातच असल्यावर आयोग काय देणार? म्हणून नियमच बदलायला हवा. त्याच कंपनीत प्लॅन बदलला, तर उरलेले मूल्य नव्या प्लॅनच्या किमतीत आपोआप वळते झाले पाहिजे. कंपनी बदलली, तर ते नव्या कंपनीच्या खात्यात जमा झाले पाहिजे, कारण रोख देऊन दुकानातून रिचार्ज करणाऱ्याचे बँक खाते कंपनीला माहीत नसते. थकबाकीचे निरोप ज्या यंत्रणेतून जातात, त्याच यंत्रणेतून ही रक्कमही कळवता येईल. आणि आज सोडल्यास किती परत मिळेल, हा आकडा ग्राहकाला मराठीत, एका मेसेजवर, कधीही पाहता आला पाहिजे.

ट्रायने मनावर घेतले की कामे होतात. 28 दिवसांच्या महिन्याविरुद्ध ओरड झाली, तेव्हा जानेवारी 2022 मध्ये तिने प्रत्येक कंपनीला निदान एक 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा पॅक ठेवायला लावला. डेटा नको असलेल्यांना फक्त कॉल आणि मेसेजचे पॅक मिळावेत, यासाठी 2012 च्या ग्राहक संरक्षण नियमावलीचा फेरविचार तिने 26 जुलै 2024 रोजी चर्चापत्र काढून सुरू केला आणि 23 डिसेंबरला दुरुस्ती जारी केली. त्याच दुरुस्तीने विशेष पॅकची कमाल मुदत 90 दिवसांवरून 365 दिवसांवर नेली. म्हणजे अशा पॅकमध्ये ग्राहकाचे पैसे आता चौपट काळ अडकू शकतात, आणि तेही नियामकाच्या परवानगीने. मुदत वाढवताना बाहेर पडण्याची वाट ठेवायची राहून गेली. ती दुरुस्ती पाच महिन्यांत झाली होती. याही दुरुस्तीला ट्रायने त्याहून अधिक वेळ घेऊ नये.