मत्स्यपेटीची शुश्रूषा आणि आपले हात

हिवाळ्यात परभणी, जिंतूर, सेलू या भागांत रात्रीचा पारा कित्येकदा एक आकड्यावर उतरतो आणि दुपारी पुन्हा ऊन चढते. हा चढउतार वृद्धांच्या सांध्यांना जसा जाणवतो, तसा दिवाणखान्यातील मत्स्यपेटीलाही बाधतो. माशांची प्रतिकारशक्ती मंदावते आणि त्यांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. मासे दगडांना अंग घासतात, अन्न सोडतात. दुपारच्या एकांतात ज्यांची सोबत होती त्यांची ही अवस्था पाहवत नाही. मग घाईने सारे पाणी ओतून पेटी ब्लीचने धुतली जाते. अपाय बहुधा या घाईनेच होतो.

पांढऱ्या ठिपक्यांचा हा रोग ‘इक्थियोफ्थिरियस’ नावाच्या सूक्ष्म परजीवीमुळे होतो. ठिपक्याच्या आत, त्वचेखाली असताना त्याच्यावर औषध चालत नाही. पोसला की तो गळून तळाशी जातो आणि तेथे विभागून शेकडो पिल्ले सोडतो. त्यांना साधारण दोन दिवसांत मासा गाठावा लागतो. मीठ वा औषध त्यांना मारते ते याच काळात. म्हणून ठिपके मावळले म्हणजे रोग गेला असे समजू नये. उपचार सुमारे दोन आठवडे चालू ठेवावा.

पाण्याचे तापमान हीटरने हळूहळू 28 अंशांपर्यंत न्यावे म्हणजे परजीवीचे चक्र लवकर पुरे होते. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून हवेचा पंप अखंड चालू ठेवावा. दर लिटरला 1 ते 2 ग्रॅम साधे मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून, दिवसभरात तीन हप्त्यांत मिसळावे. खवले नसलेल्या माशांना व पाणवनस्पतींना मीठ सोसत नाही, हे ध्यानी असावे. दुकानातील औषध वापरायचे असल्यास गाळणीतील कोळसा आधी काढावा, कारण तो औषध शोषून घेतो. घरातील उरलेल्या प्रतिजैविकांच्या कॅप्सूल मात्र पाण्यात कदापि सोडू नयेत. या परजीवीवर त्यांचा उपयोग नाही आणि औषधांना न जुमानणारे जंतू तेवढे वाढतात.

गाळणीत उपकारक जीवाणू वसतात. माशांच्या मलमूत्रातून निघणारा घातक अमोनिया ते निरुपद्रवी करतात. ब्लीचने तेही मरतात आणि नवी वस्ती बसण्यास 4 ते 6 आठवडे लागू शकतात. म्हणून निर्जंतुकीकरण सर्व मासे दगावल्यास, जुनी पेटी विकत घेतल्यास किंवा मासे खंगून, व्रण पडून मरत असल्यासच करावे. रिकाम्या पेटीत दर लिटर पाण्याला 5 टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट 10 मिलिलिटर घालून ते तासभर ठेवावे. नंतर पेटी तीन-चार वेळा धुऊन, वास पूर्ण गेल्यावर काही दिवस कोरडी ठेवावी. जाळी व नळ्या मराठवाड्याच्या उन्हात वाळवाव्यात. खिडक्या उघड्या असाव्यात. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे आम्ल मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आता माणसांविषयी. खंगणाऱ्या माशांत ‘मायकोबॅक्टेरियम मॅरिनम’ हा क्षयजंतूच्या कुळातील जीवाणू असू शकतो. 1926 साली तो माशांत आढळला आणि 1951 साली स्वीडनमधील जलतरण तलावामुळे माणसांतही ओळखला गेला. हाताच्या ओरखड्यातून तो शिरला की काही आठवड्यांनी तेथे न दुखणारी गाठ उठते आणि ती महिनोन्महिने बरी होत नाही. त्याच्यावर क्लोरीनचाही प्रभाव सहज पडत नाही. मधुमेह असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती घटवणारी औषधे घेणाऱ्यांनी पेटीत हात घालणे टाळावे. इतरांनी जाड हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत. नळीने पाणी ओढताना तोंड लावू नये. पेटीचे पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नये. अशी गाठ दिसल्यास डॉक्टरांना ‘आमच्या घरी मत्स्यपेटी आहे’ हे आवर्जून सांगावे. निदानाची दिशा बहुधा त्या एका वाक्याने ठरते.

काळजीवाहकांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पाण्यात हात घालण्यापूर्वी हीटर व पंपाचे प्लग काढावेत. 60 लिटरच्या पेटीत 60 किलो पाणी असते, म्हणून ती भरलेली उचलू नये आणि ज्येष्ठांवर बादल्यांचा भार टाकू नये. शंका असल्यास परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा उदगीरचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय येथे विचारणा करावी. मासे नकोसे झाले तरी ते गोदावरी-पूर्णेत वा विहिरीत सोडू नयेत, कारण त्यांच्याबरोबर त्यांचा रोगही तेथे जातो.